सिंकच्या कडेचा फुगवटा

ओटा पुसताना फडकं अडलं. सिंकच्या उजव्या बाजूला, नळापासून वीतभर अंतरावर. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण रोज त्याच जागेवरून हात फिरत असल्यामुळे बोटांना फरक कळला. मी तेवढं पुसून पुढच्या कामाला लागले. त्या दिवशी सिंकखालचं कपाट उघडून वाकून पाहायला हवं होतं, ही हळहळ अजून जात नाही.

आमच्या ओट्यावर दगड नाही. ३८ मिलिमीटर जाडीची पार्टिकल बोर्डची फळी आहे आणि तिच्यावर सनमायका. दीड महिन्यात तो फुगवटा एवढा वाढला, की त्यावर ठेवलेला पेला कलायला लागला आणि सनमायक्याची कड नखाएवढी सुटली. मग मी केलं ते बहुतेक जण करतात तेच. सुटलेला भाग खरवडला, लांबी (पुट्टी) भरली, पॉलिश पेपर मारला, कडेने सिलिकॉन फिरवलं. तीन आठवडे छान दिसलं आणि मग लांबीसकट सगळं पुन्हा वर आलं. पाणी येतच होतं. मी फक्त त्याची बाहेर पडायची वाट बंद केली होती.

पाणी कुठून येतंय हे शोधायला बाबांची मदत झाली. माझा संशय सिंकखालच्या वाकड्या पाइपवर होता. बाबा म्हणाले, "अगं, संशय कशाला? कागद लाव." आम्ही प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपरची कोरडी पट्टी गुंडाळली, सिंक काठोकाठ भरलं आणि एकदम सोडलं. सगळ्या पट्ट्या कोरड्या. भरलेल्या सिंकची गळती नव्हती, पाइपाचीही नव्हती. मग बाबांनी टॉर्च घेऊन कपाटात डोकं घातलं आणि मला वरून नळाच्या बुडाशी पेलाभर पाणी हळूहळू ओतायला सांगितलं. मिनिटभरात खालून आवाज आला, "आलं!" नळाच्या बुडाखालचं रबरी वॉशर कडक होऊन चिरलं होतं. ओल्या हाताने नळ बंद करताना जे चार थेंब बुडाशी साचतात, ते रोज त्या भोकातून थेट फळीत उतरत होते.

थेंबांनी एवढी जाड फळी कशी फुगते, हे मला सिंक बाहेर काढल्यावर नीट समजलं. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचे कपचे आणि भुसा डिंकात कालवून, उष्णता आणि प्रचंड दाब देऊन केलेली फळी. दाबाखाली चेपलेले ते कपचे डिंकाने जागच्या जागी धरून ठेवलेले असतात. पाणी शिरलं की लाकूड फुगतं, आणि दाबून बसवलेला कपचाही आपल्या मूळ जाडीकडे परत उसळतो. त्यात नेहमीच्या बोर्डातला युरिया फॉर्मल्डिहाइडचा डिंक ओलाव्याने हळूहळू सुटत जातो. म्हणून असा बोर्ड वाळला तरी पहिल्यासारखा बसत नाही. मी पंखा लावून बारा दिवस वाळवला आणि रोज मोजला. ४५ मिलिमीटरवरून ४३ वर आला आणि तिथेच थांबला.

सुटलेली कड सोडली तर वरचा सनमायका मात्र शाबूत होता. त्यातून पाणी जात नाही. पाणी जातं ते कापलेल्या कडेतून, आणि सिंकसाठी कापलेलं सगळं तोंड आमच्याकडे उघडं होतं. रंग नाही, वार्निश नाही, सिलिकॉनचा एक थरही नाही. उघडा भुसा हाताला लागत होता. ज्यांनी ओटा बसवला त्यांचं अर्ध्या तासाचं काम राहिलं होतं. सिंकच्या पत्र्याखाली ते कुणाला दिसणार नव्हतं, म्हणूनच ते करायला हवं होतं.

तरीही फळी टाकायची घाई करू नये, असं मला वाटतं. आधी टोच्या घेऊन दर दोन सेंटिमीटरवर टोचून पाहा. टोच्या सहज आत जाईल तेवढा भाग गेलेला. कडेचा बोटभर भागच मऊ असेल तर तो पूर्ण वाळवून, सुटलेला भुसा काढून, त्यात पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारा डिंक) मुरू द्यायचं, वर प्लास्टिकचा कागद आणि सपाट ठोकळा ठेवून शिकंजा आवळायचा. घट्ट झालेला भाग घासून सपाट करता येतो. ओल्या लाकडात मात्र इपॉक्सी भरू नका, आतलं पाणी आतच राहतं. अखंड लाकडाची फळी असेल तर काम आणखी सोपं: घासायची, वाळवायची, पुन्हा तेल द्यायचं. लोखंडी खिळ्या-स्क्रूभोवती पडलेले काळे डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने बऱ्याचदा जातात. ते विषारी आहे, हातमोजे घालूनच वापरा.

आमच्याकडे उजवी कड वाचली असती. पण सिंकच्या मागे, भिंतीपर्यंतची जेमतेम सहा सेंटिमीटरची पट्टी आरपार मऊ झाली होती. नळ तिच्यावर उभा असतो आणि सिंकचे मागचे क्लिप तिलाच धरतात. तिथे इपॉक्सी भरून नळ उभा करायला माझं मन धजलं नाही.

दगड बसवावा का, हा विचार झाला. २० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस मीटरला साधारण ५५ किलो भरतो आणि खालची कपाटं त्या वजनासाठी केलेली नव्हती. शेवटी ओलाव्याला जास्त टिकणाऱ्या पार्टिकल बोर्डचीच फळी आणली. तोही फुगतो, फक्त उशिरा, हे मनाशी पक्कं ठेवून.

जुनी फळी न तोडता काढली आणि नव्या फळीवर उलटी ठेवून तिचीच आखणी घेतली. सिंकचं माप, नळाचं ३५ मिलिमीटरचं भोक, सगळं तिच्यावर तयार होतं. भिंत मात्र गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हती. डाव्या टोकाला पाच मिलिमीटरची फट राहत होती. तिथे फळी भिंतीला लावून, भिंतीच्या रेषेवरून पेन्सिल फिरवून कड घासली. जिगसॉचं पातं वरच्या दिशेने कापतं आणि सनमायक्याच्या कपच्या उडवतं, म्हणून फळी पालथी घालून मागून कापलं आणि कापायच्या रेषेवर दोन्हीकडून कागदी चिकटपट्टी लावली.

मग आलं ते काम, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता. बाबा स्टूल घेऊन बसले आणि लहान ब्रशने कापलेल्या प्रत्येक कडेला इपॉक्सी लावत गेले. सिंकचं तोंड, नळाच्या भोकाची आतली गोलाई, भिंतीकडची कड, टोकं. भुसा पहिला हात पिऊन टाकतो आणि कड पुन्हा कोरडी दिसते, म्हणून दुसरा हात दिला. दीड तास लागला. मी मध्ये म्हटलं, "बाबा, मागची कड भिंतीलाच लागणार आहे, राहू द्या." त्यांनी मान वर न करता ती कडही पुरी केली.

सिलिकॉनबद्दल एक सांगते. जुन्या सिलिकॉनवर नवीन चिकटत नाही. सिंकच्या काठाखालचा जुना थर प्लास्टिकच्या पट्टीने पूर्ण खरवडून, स्पिरिटने पुसून मगच नवं लावलं. क्लिप समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत गेले, म्हणजे सिंक एका बाजूला कलत नाही. सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन बाहेरून आत घट्ट होत जातं, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. वरून बोटाला कोरडं लागलं म्हणून नळ सोडू नका. आम्ही दोन दिवस न्हाणीघरात भांडी घासली.

तिसऱ्या दिवशी नवीन वॉशरवर बसवलेल्या नळाच्या बुडाशी मी पुन्हा पेलाभर पाणी ओतलं. बाबा टॉर्च घेऊन खाली. दोन मिनिटं गेली, पाच गेली. "कोरडं," ते म्हणाले, आणि नळाच्या दांड्याभोवतीची टिश्यूची पट्टी त्यांनी काढली नाही, तिथेच राहू दिली. दर रविवारी मी कपाट उघडून ती पट्टी चिमटीत धरून पाहते.