खाकी पीक कॅपची दुरुस्ती : माझा अनुभव

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली ब्रिटिश अधिकाऱ्याची खाकी पीक कॅप (पुढे कडक पाळी असलेली टोपी) हातात आली की ती पाण्यात बुडवून धुवायचा मोह होतो. तेवढं अजिबात करू नका. लोकरीचं कापड आटतं, पाळीतला पुठ्ठा फुगून त्याचे पदर सुटतात आणि वरच्या कडेतली लोखंडी तार गंजून कापडावर तपकिरी कडं उमटतं. लिंबू किंवा ऑक्झॅलिक ॲसिड लावलं तर डागाबरोबर कापडाचा रंगही जातो, म्हणून गंजाचा डाग मी तसाच राहू देतो.

मी आधी कसरीचा, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीचा, बंदोबस्त करतो. टोपी आम्लरहित कागदात गुंडाळायची, पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करायची आणि उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवायची. बाहेर काढल्यावर 24 तास पिशवी उघडायची नाही. दव पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरलं पाहिजे, लोकरीवर नाही. मग व्हॅक्यूमच्या तोंडाला जाळीचं कापड बांधून, सगळ्यात कमी ओढीवर धूळ आणि मेलेल्या अळ्यांची कात काढतो.

बॅज आधी उतरवावा. अधिकाऱ्यांच्या खाकी टोपीवरचा बॅज बहुधा मुद्दाम गडद तपकिरी केलेला असतो. त्याला मळकं पितळ समजून ब्रासो लावला की मूळ लेप कायमचा जातो. शिवाय ब्रासोची पांढरी पूड लोकरीत अडकते आणि निघता निघत नाही. मागे वाकवायची पाती असतील तर ती एकदाच, हळू सरळ करा. वारंवार वाकवली की मुळाशी तुटतात.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो आतल्या चामडी घामपट्टीवर. बोट फिरवल्यावर तांबूस भुकटी लागली तर चामडं आम्लामुळे कुजलेलं आहे. तेल किंवा साबण लावला की ते काळं पडून कडक होतं, साधं पाणीही तेच करतं. मी 100 मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये 2 ग्रॅम क्लुसेल जी (भुकटी होणारं चामडं बांधून ठेवणारी सेल्युलोजची पूड) थोडं थोडं भुरभुरतो, रात्रभर मुरू देतो आणि मऊ ब्रशने दोन पातळ हात देतो. पट्टी आणि लोकर यांच्यामध्ये बटर पेपर हवाच, नाहीतर कापडावर गडद डाग पडतो. भुकटी पूर्ण थांबल्यावरच फाटलेल्या जागी मागून जपानी कागदाची (पातळ पण चिवट कागदाची) पट्टी लावतो, घट्ट गव्हाच्या खळीने. खळ सैल झाली की पाणी चामड्यात उतरतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

पट्टी परत शिवताना जुन्याच भोकांतून सुई घालायची. नवी भोकं पाडली की चामडं टपाल तिकिटांच्या कागदासारखं त्या ओळीवर फाटतं. दोरा बारीक सुतीच घ्यावा. नायलॉन चामड्यापेक्षा मजबूत असतो, त्यामुळे ताण आला की दोऱ्याऐवजी चामडं तुटतं.

कसरीच्या भोकांना रफू करायला धागा टोपीतूनच मिळतो. पट्टीखाली दुमडलेल्या कापडाच्या कडेतले दोन-चार धागे ओढून घेतले की रंग नेमका जुळतो. बाजारातली खाकी लोकर उन्हात वेगळी दिसते.

पट्टी बंद करण्याआधी आतला भाग नीट पाहून फोटो काढून ठेवा. तिथे शिंप्याचं लेबल, शाईतलं नाव, कधी पेन्सिलीतला आकडा सापडतो. टोपी घट्ट बसावी म्हणून वर्तमानपत्राची घडीही घातलेली असते. ती फेकू नका. तारीख वाचता आली तर त्या दिवसानंतरही टोपी वापरात होती एवढं नक्की कळतं. पण तो कागद आम्लयुक्त असतो, चामड्याला लागून परत ठेवू नये. मी तो पॉलिएस्टरच्या पाकिटात घालून टोपीच्याच पेटीत, पाळीखाली ठेवतो.