आमची वाटचाल: कयाकच्या कडेची दोरी

मालवणात आमचं काम सुरू झालं ते कयाकच्या, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद, लहान बोटीच्या दुरुस्तीने. तळाच्या चिरा प्लास्टिक वितळवून बुजवायच्या, तुटकी हँडलं बदलायची. येणाऱ्या बहुतेक बोटींच्या कडेला दोरीच नसे, किंवा असे ती रबरी बंजी. बंजी बाटली-चपला अडकवायला ठीक. उलटलेल्या बोटीला लटकायला नाही. ओढाल तशी ती ताणत जाते आणि बोट लांबच राहते. उलट्या बोटीचं पोट गुळगुळीत, ओल्या हाताला तिथे काही सापडत नाही. म्हणून कडेची दोरी हेच हळूहळू आमचं मुख्य काम झालं.

दोरी 6 मिलिमीटरची, विणलेली, पॉलिस्टरचीच. नायलॉन भिजलं की सैलावतं. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आणि तरंगणारी, पण उन्हाने तिचे तंतू कुसळासारखे तुटून हातात शिरतात.

सगळं कौशल्य सैलपणात आहे. डेकला, म्हणजे बोटीच्या वरच्या पृष्ठभागाला चिकटलेली दोरी धरता येत नाही. फार सैल सोडली तर हात नाहीतर वल्हं अडकतं. मधोमध उचलली की चार बोटं आत जावीत आणि सोडताच ती परत डेकवर बसावी, इतकीच ढील. दोरी ज्या कड्यांतून ओवलेली असते ती डेकच्या खाचेत बसवलेली असली, तर तिथे दोरी पार खाली दबते, म्हणून कड्याच्या दोन्ही बाजूंना 20 मिलिमीटरचे मणी ओवतो. बोटाचं टोक शिरण्यापुरती फट राहते. टोक शिरलं की मूठ वळते.

दोरी सहसा तुटत नाही, कडंच उपटून येतं. नुसता स्क्रू प्लास्टिकमध्ये टिकत नाही. बोटीच्या आतून हात पोचतो तिथे 316 स्टीलचा (खाऱ्या पाण्यात टिकणारं स्टेनलेस स्टील) 5 मिलिमीटरचा बोल्ट आणि आतून रुंद वॉशर. पोचत नाही तिथे बाहेरूनच ठोकायचं, आत तीन पाकळ्यांनी फाकणारं रिव्हेट. बोटीच्या पॉलिथिलीन प्लास्टिकला सिलिकॉन धरत नाही, त्यामुळे गळती थांबवायला ब्युटिल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी. बोल्ट करकचून आवळला तर भोकाभोवती चीर जाते.

बोटीच्या टोकाला धरायला फासासारखा दोरीचा वेढा आम्ही देतच नाही. लाटेने बोटीने गिरकी खाल्ली की त्यात हाताची बोटं पिळतात. त्याऐवजी टॉगल, म्हणजे दोरीला बांधलेली आडवी मूठ देतो. ते हातात फिरतं.

आता तयार संचही देतो: दोरी, मणी, कडी, रिव्हेटं. 5 मीटरच्या सागरी कयाकला डबल फिशरमन गाठींसकट (दोरीची दोन टोकं जोडणारी गाठ) 12 मीटर दोरी लागते. मागवताना दोन कड्यांमधलं अंतर कळवा. 70 सेंटीमीटरच्या वर असेल, तर मध्ये एक कडं वाढवायला देतो.