बारा मीटरची वाटणी

स्टँड ते बंदर नाका हा आमच्या गावातला मुख्य रस्ता रुंद होणार अशी बातमी आली आणि पाठोपाठ त्याचा नकाशा माझ्या हातात पडला. नकाशात डांबर या गटारापासून त्या गटारापर्यंत पसरलं होतं. चालणाऱ्या माणसासाठी एक रेघसुद्धा ओढलेली नव्हती. तेव्हापासून मी या रस्त्याच्या मागे लागले ती अजून लागलेलीच आहे. मधल्या काळात काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहिते, कारण कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावात असा एक रस्ता आहे, आणि तो रुंद करायचा नकाशा कुठल्या ना कुठल्या टेबलावर पडलेला आहे.

गाव तळकोकणातलं, खाडीच्या तोंडाशी. एकाच रस्त्यावर एसटी स्टँड, रुग्णालय, आमचं हायस्कूल, बाजारपेठ आणि शेवटी मच्छीमार्केट. मे महिन्यात पर्यटकांच्या गाड्या, चवथीला चाकरमानी, एरवी रिक्षा, टेम्पो आणि डंपर. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते आणि सायकलवरून शाळेत जाते. बंदराकडच्या वाड्यांतली मुलंही सायकलने येतात. शाळा सुटताना गेटवर उभं राहायची आम्हा शिक्षकांची पाळी असते. मुलांना रस्ता पार करून देताना दोन्ही हात पसरून गाड्यांसमोर उभं राहावं लागतं, हे मला कधीच पटलं नाही. रस्ता असा हवा की तिथे कोणी हात पसरून उभं राहायला नको.

पहिला प्रश्न आला तो रस्ता कोणाचा, हा. अर्ज घेऊन गेले की एक कचेरी दुसरीकडे बोट दाखवायची. शेवटी माहिती अधिकाराचा अर्ज केला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तीस दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आलं: डांबर एका खात्याचं, गटार आणि त्यापलीकडचं सगळं दुसऱ्याचं. पदपथ नेमका या दोघांच्या मध्ये येतो, म्हणून तो कोणाच्याच अंदाजपत्रकात नव्हता. हे कागदावर मिळालं ते फार बरं झालं. त्यानंतर दोन्ही कचेऱ्यांना एकच पत्र, एकमेकांना प्रत देऊन, पाठवता आलं. ज्यांना असं काही करायचं असेल त्यांनी सुरुवात इथूनच करावी.

माझा एक जुना विद्यार्थी सिव्हिल इंजिनिअर आहे, नोकरी पुण्यात. तिथे महापालिकेने २०१६ मध्ये रस्त्यांच्या आखणीसाठी मार्गदर्शक तत्त्वं केली आणि पुढे जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले, ते त्याने जवळून पाहिलं होतं. सुटीत गावी आला तेव्हा आम्ही टेप घेऊन पहाटे रस्त्यावर उतरलो. बाजारपेठेतल्या घरांच्या जोत्यापासून समोरच्या जोत्यापर्यंत, गटारं धरून, बारा मीटर. तो म्हणाला, "बाई, बारा मीटर कमी नाहीत. प्रश्न वाटणीचा आहे."

वाटणी त्याने वहीत मांडून दाखवली. कायद्याप्रमाणे एसटीची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे तीन मीटरची एक मार्गिका तिला पुरते. जाणारी आणि येणारी मिळून सहा मीटर. उरले सहा. इंडियन रोड्स काँग्रेसचं पादचाऱ्यांसाठीचं मानक आहे, आयआरसी १०३. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीप्रमाणे वस्तीत पदपथ किमान १.८ मीटर मोकळा हवा, बाजारपेठेत अडीच. दोन्ही बाजूंना अडीच दिले तरी एक मीटर शिल्लक राहतो. मार्गिका याहून रुंद ठेवली की रस्ता मोकळा दिसतो आणि मोकळा रस्ता दिसला की पाय ॲक्सिलरेटरवर जातो. रुंदीकरणाने कोंडी सुटेल असं सगळ्यांना वाटत होतं. पण कोंडी होत होती ती कडेला लावलेल्या गाड्यांमुळे, आणि रुंद केलेल्या जागेतही त्याच गाड्या लागल्या असत्या.

वेगाचं गणित मी नववीच्या वर्गात फळ्यावर सोडवून घेतलं. ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सव्वाआठ मीटर जाते, ५० ने जाणारी जवळजवळ चौदा. चालकाला मूल दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला, तर हा फरक आमच्या गेटपासून झेरॉक्सच्या टपरीपर्यंतचा आहे. आणि धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे ५० ला ती ३० च्या पावणेतीनपट. मुलांनी टपरीपर्यंतचं अंतर स्वतः मोजलं. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती, हेही मी त्यांना सांगितलं. वर्गात शांतता पसरली. हे आकडे मुलांपासून लपवावेत असं मला वाटत नाही. ती रोज त्याच रस्त्यावरून घरी जातात.

सायकलसाठी स्वतंत्र पट्टा हवा, असं मुलांचं म्हणणं होतं. त्यावर बराच वाद झाला. बारा मीटरमध्ये पदपथ पुरेसे द्यायचे तर पट्ट्याला जागा उरत नाही, आणि नुसता रंगवलेला मीटरभराचा पट्टा आठवड्यात मोटारसायकली लावायची जागा होतो. शेवटी असं ठरलं की वेग ३० वर आला तर सपाटीवर सायकल गाड्यांबरोबरच जाईल. बंदराकडून येणाऱ्या घाटीवर मात्र चढणीच्या बाजूने सायकलला वेगळी जागा द्यायची. चढताना पोरं दप्तरासकट पॅडलवर उभी राहतात, हँडल डावी-उजवीकडे जातं, आणि मागून टेम्पो हॉर्न देत असतो. उतरताना सायकलचा वेग गाड्यांइतकाच असतो, तिथे पट्ट्याची गरज नाही. हा उपाय मला सगळ्या आराखड्यातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. शहरातल्या सपाट रस्त्यांच्या नकाशात तो सापडला नसता.

आता विरोधाकडे येते. तो व्यापाऱ्यांचा होता, आणि त्यांची भीती खोटी नव्हती. "बाई, गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा नाही मिळाली तर तो थेट कणकवलीला जाईल," असं एका जुन्या कापड दुकानदारांनी मला शांतपणे सांगितलं. याला उत्तर भाषणाने देता येत नाही. म्हणून दहावीच्या मुलांनी शनिवारी दर तासाला बाजारपेठेत फेरी मारून कडेच्या प्रत्येक गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे लिहून घेतले. संध्याकाळी तक्ते शेजारी शेजारी ठेवले तेव्हा दिसलं की दुकानांसमोरच्या बहुतेक गाड्या सकाळपासून जागच्या हललेल्याच नाहीत. त्या दुकानदारांच्या आणि दुकानांतल्या नोकरांच्या होत्या. गिऱ्हाइकाला जागा मिळत नव्हती ती यामुळे. व्यापारी मंडळाच्या बैठकीत हे तक्ते मी कोणाचंही नाव न घेता ठेवले. त्या काकांनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले आणि विचारलं, "मग आमच्या गाड्या कुठे लावायच्या?" तिथून बोलणी खऱ्या अर्थाने सुरू झाली. जुन्या धान्य गोदामामागची मोकळी जागा त्यांनीच सुचवली.

मासेवाल्यांशी बोलायला मात्र आम्ही उशिरा गेलो, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचं म्हणणं थेट होतं. "बाई, रस्तो गाडयेंचो, बाजू चलणाऱ्यांची, मगे आमी खंय बसाचा तां सांगा." २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा आहे, त्यात नगर पथविक्रेता समिती असते आणि तिच्यात ४० टक्के जागा विक्रेत्यांच्याच असतात. शिल्लक एक मीटर आम्ही त्यांच्या पाट्यांसाठी मागितला तो याच आधाराने. मच्छीमार्केटच्या बाजूला पदपथाला लागून, पण त्याच्या बाहेर, आणि मासळीचं पाणी थेट गटारात जाईल अशा उताराने. मासे घ्यायला माणसं थांबतात ती पदपथावर, गाड्यांच्या पुढ्यात नव्हे. चवथीच्या आधी खेड्यांतून माटवीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या सजावटीचं, सामान घेऊन येणाऱ्या बायकाही याच पट्ट्यावर बसतात.

कागद हलले ते प्रात्यक्षिकानंतर. पोलिसांची परवानगी घेऊन आम्ही शाळेजवळच्या तुकड्यावर पदपथाच्या कडा चुन्याने आखल्या, रिकामी पिंपं रंगवून ठेवली, मधून दोरी बांधली. नेहमीचा अडथळा आला तो स्टँडच्या वळणावर. तिथला कोपरा एवढा पसरट होता की गाड्या वेग कमी न करताच वळायच्या, आणि माणसांना तिथेच रस्ता ओलांडायला लागायचा. कोपरा आत घ्यायचा तर एसटी वळणार नाही, असं सगळे म्हणत होते. आमच्यातले एक काका एसटीतून निवृत्त झालेले चालक. त्यांनी आगारात शब्द टाकला आणि एका दुपारी एक रिकामी गाडी मिळाली. गाडी कासवाच्या गतीने वळवली, आणि दोन मुलं खडू घेऊन मागच्या चाकाच्या खुणा करत वाकून चालत होती. मागचं चाक पुढच्यापेक्षा बरंच आतून जातं, ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. खडूच्या रेषेबाहेर जेवढी जागा उरली तेवढी पदपथाला मिळाली. दोन्ही कचेऱ्यांचे अभियंते तिथे उभे होते. त्या रेषेबद्दल पुन्हा कोणी वाद घातला नाही.

त्याच सुमारास, मे २०२५ मध्ये, पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९८ अ आधीपासून आमच्या पत्रात होतं: रस्त्याची आखणी किंवा देखभाल मानकांप्रमाणे न केल्याने जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. गावात तेव्हा निवडून आलेली सभा नव्हती, प्रशासक होते. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश, हे टप्पे नेहमीसारखे गेले. त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष नाही, फक्त प्रत्येक टप्प्यावर आराखड्याची मूळ प्रत जोडलेली आहे ना ते जाऊन पाहावं लागतं. एका टप्प्यावर पदपथांची रुंदी अडीच मीटरवरून दोन मीटर झाली होती. ते परत अडीच करून घेतले.

काम सुरू झाल्यावर खरी नजर ठेवावी लागली ती पाण्यावर. शाळेच्या गेटसमोर झेब्रा पट्टे नुसते न रंगवता सगळी ओलांडण्याची जागाच पदपथाच्या पातळीला, पंधरा सेंटीमीटर उचलायची होती. माणूस खाली न उतरता पलीकडे जातो आणि गाडीला चढावंच लागतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. रस्त्यात आडवा उंचवटा केला की त्याच्या वरच्या अंगाला तळं होणार हे कोणीही सांगेल. म्हणून उंचवटा दोन्ही कडांना गटारापाशी तोडून वर जाळी टाकली आणि खालून पाणी वाहतं ठेवलं.

त्या जाळीवरून ठेकेदाराच्या माणसांशी माझं एकदा जोरात वाजलं. त्यांनी जाळ्या बसवल्या त्यांच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने, उभ्या. फट एवढी की सायकलचं चाक सरळ आत जावं. मी माझी सायकल आणून पुढचं चाक फटीत उतरवून दाखवलं. ते रिमपर्यंत गेलं आणि अडकलं. मुकादम काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी जाळ्या फिरवून पट्ट्या रस्त्याला आडव्या केल्या. पदपथावर गुळगुळीत टाइल्स येणार होत्या, त्याही थांबवल्या. आषाढात शेवाळ धरलं की त्यावर धडधाकट माणूसही घसरतो. त्याऐवजी काँक्रीट, आणि ओलं असताना झाडूने ओढलेल्या आडव्या रेघा. खर्च कमी आणि पाय पक्का बसतो. गटारावरच्या लाद्या एकसारख्या पातळीत बसवायला लावल्या, कारण एक लादी बोटभर वर असली की काठी टेकत चालणारी आजी तिथेच अडखळते.

शाळेसमोरचा आणि बाजारपेठेचा तुकडा पूर्ण झाला आहे. गेटवरची पाळी आम्ही अजून चालू ठेवली आहे, पण आता मुलं शिक्षकांची वाट न बघता पलीकडे जातात आणि गाड्या थांबतात. रुग्णालयाजवळचा वड ठेवून पदपथ त्याच्या मागून नेला. व्यापाऱ्यांपैकी काहींनी दुकानासमोर पुन्हा गाड्या लावायला सुरुवात केली आहे. त्यासाठी पदपथाच्या कडेला खांब हवेत, पण व्हीलचेअर जाईल एवढं अंतर सोडून.

स्टँड ते रुग्णालय हा तुकडा राहिला आहे. तिथे रस्ता साडेदहा मीटरच आहे, त्यामुळे वाटणी नव्याने करावी लागेल, बहुधा एकेरी वाहतुकीची अधिसूचना घेऊन. त्याचा अर्ज दिला आहे. मोजमाप करायला दहावीची नवी तुकडी दिवाळीनंतर येणार आहे, आणि आमच्या एसटीवाल्या काकांनी या खेपेला रुग्णवाहिका वळवून बघायचं ठरवलं आहे.