तुम्ही विचारलंत म्हणून: लाटेनं क्रूझ उलटत कशी नाही?

“सतरा-अठरा मजले पाण्यावर आणि पाण्याखाली जेमतेम आठ-नऊ मीटर. मोठी लाट आडवी आली तर उलटणार नाही का?” गोव्यात हा प्रश्न दोन प्रकारची माणसं विचारतात. एक, ज्यांच्या घरातलं कुणीतरी नुकतंच क्रूझवर नोकरीला लागलंय ती. सासष्टीत, बार्देशात, वास्कोत अशी घरं शोधावी लागत नाहीत. दुसरी, मुंबई-गोवा फेरीचं तिकीट काढून बसलेली. दोघांच्याही फोनवर बहुधा एकच व्हिडिओ असतो: बोटीच्या हॉलमधल्या खुर्च्या, टेबलं आणि त्यांच्याबरोबर माणसं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घसरताहेत.

तो व्हिडिओ खरा आहे. ३० जुलै २००८ रोजी न्यूझीलंडच्या उत्तरेला ‘पॅसिफिक सन’ ही क्रूझ वादळात सापडली, ३१ अंशांपर्यंत कलली आणि ७७ जण जखमी झाले. बोट मात्र स्वतःच्या इंजिनावर ऑकलंडला पोचली. माणसांना लागलं ते पडल्यामुळे आणि बांधून न ठेवलेल्या सामानामुळे. तेव्हा उत्तर असं, की निव्वळ लाटेनं आजची मोठी क्रूझ उलटणं जवळपास अशक्य आहे. काळजी करायचीच तर तीन गोष्टींची करा: काच, सुटं सामान आणि बंद पडणारं इंजिन.

आधी उलटण्याचं बघू. धक्क्यावर उभं राहून बोटीकडे पाहिलं तर उंची दिसते, वजन कुठे आहे ते दिसत नाही. इंजिनं, जनरेटर, इंधन, गोडं पाणी, बॅलास्टचं (तोल राखायला टाक्यांत भरलेलं) पाणी, कोठारं हे सगळं तळाशी असतं. वरचे मजले पातळ पत्र्याचे, अगदी वरचे तर पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमचे. इंधन जळतं, पाणी वापरलं जातं, तसं तळाचं वजन घटतं. म्हणून रोज हिशेब मांडून बॅलास्टच्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरून घेतात. यात एक नियम कसोशीनं पाळावा लागतो: टाक्या शक्यतो पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या हव्यात. परातीत बोटभर पाणी घेऊन चालून बघा, परात जिकडे कलेल तिकडे पाणी धावतं आणि तिला आणखी कलवतं. अर्धवट टाकीत हेच होतं. खराब हवामानाची सूचना आली की स्विमिंग पूल रिकामा करतात, त्याचंही कारण हेच.

बोट सावकाश कलते याची प्रवाशांना भीती वाटते, पण ते मुद्दाम केलेलं असतं. तळाला फार वजन दिलं तर ती झटक्यानं सरळ होते, आणि त्या झटक्यानंच माणसं पडतात. क्रूझ हळू कलते, क्षणभर तिथंच थांबल्यासारखी वाटते आणि हळू परतते. एक हेलकावा पुरा व्हायला वीस-एक सेकंद सहज लागतात. दहा अंश कलली तरी जेवणाच्या टेबलावरच्या माणसाला ते तीस वाटतात.

आपल्याकडे ‘रामदास’ बोटीची आठवण निघतेच. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकापाशी उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. पावसाळी समुद्र, लहान बोट, भरगच्च प्रवासी आणि लाटेचं पाणी आत येताच एका बाजूला धावलेला जमाव, असं सगळं जुळून आलं. क्रूझवर चार हजार माणसं एका बाजूच्या कठड्याशी जमली तरी त्यांचं वजन होतं तीनशे टन, आणि तेवढ्या बोटीचं स्वतःचं वजन साठ-सत्तर हजार टन किंवा त्याहून जास्त. शिवाय सगळे प्रवासी एका बाजूला गोळा झाले तरी बोट दहा अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये, अशी आंतरराष्ट्रीय नियमांची अटच आहे. ‘रामदास’ची तुलना इथं लागू होत नाही, हे काळजीनं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आवर्जून सांगतो.

आता लाट. अंदाजात “लाटा ४ मीटर” असं लिहिलेलं असतं तेव्हा ती सगळ्यांत मोठी लाट नसते. समुद्रातल्या सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. काही तासांत तिच्या जवळपास दुप्पट उंचीची एखादी लाट येणार हे ब्रिजवरचा, म्हणजे बोट हाकण्याच्या खोलीतला, ऑफिसर धरूनच चालतो. दुपटीच्याही वर गेलेली ती राक्षसी लाट. पूर्वी खलाशांनी सांगितलेल्या अशा लाटा अतिशयोक्ती म्हणून सोडून दिल्या जात. १ जानेवारी १९९५ला उत्तर समुद्रातल्या ‘ड्रॉप्नर’ या गॅसच्या प्लॅटफॉर्मवरच्या यंत्रानं, आसपासचा समुद्र बारा मीटरचा असताना, २५.६ मीटरची लाट मोजली आणि तो वाद मिटला. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘क्वीन एलिझाबेथ २’ला अटलांटिकमध्ये लुईस चक्रीवादळात सुमारे २९ मीटरची लाट भेटली. बोटीनं ती समोरून, नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) घेतली आणि न्यूयॉर्क गाठलं.

समोरून, हा शब्द महत्त्वाचा. लाट किती उंच हे विचारण्याआधी ती कुठून येतेय आणि किती सेकंदांनी येतेय हे विचारावं. दहा सेकंदांनी येणारी लाट खोल पाण्यात सुमारे १५६ मीटर लांब असते आणि ताशी ५६ किलोमीटरनं पळते. तिच्या तोंडावर बोट २० नॉट्सनं (ताशी सुमारे ३७ किलोमीटरनं) गेली तर दर सहा सेकंदांनी एक लाट आदळते; वेग ८ नॉट्सवर आणला तर आठ सेकंदांनी. ऐकायला फरक थोडा वाटतो, पण नाळ उचलली जाऊन पाण्यावर आपटण्याचा जोर त्यानं खूप उतरतो. म्हणून कप्तान पहिल्यांदा वेग उतरवतो आणि लाट नाळेच्या वीस-तीस अंश बाजूला ठेवतो. अगदी नाकासमोर घेतली तर नाळ आपटते, कुशीवर, म्हणजे बाजूवर, घेतली तर बोट झुलते. पाठीमागून येणारी मोठी लाट फसवी असते: प्रवास शांत वाटतो, पण लाटेचा आणि बोटीचा वेग जवळ आला की सुकाणूला पाणी नीट लागत नाही आणि बोट आडवी फिरू शकते.

दिशा बदलायची वेळ येते तो सगळ्यांत नाजूक क्षण. वळताना काही वेळ लाट कुशीवर घ्यावीच लागते. मोठ्या लाटा झुंडीनं येतात, मग थोडी उसंत मिळते. ती हेरून वळायचं. त्याआधी स्पीकरवर घोषणा होते की बसून घ्या. ती घोषणा झाली की खरंच बसा, कॉफी आणायला उठू नका.

स्टॅबिलायझरबद्दल बराच गैरसमज आहे. बोटीच्या दोन्ही बाजूंना, पाण्याखाली, आतून बाहेर निघणारे पंख असतात. जायरोस्कोपवरून बोट कुठे कलतेय ते कळतं आणि पंख त्याच्या उलट जोर लावायला फिरतात. बोट चांगल्या वेगात असेल तर आडवं झुलणं फारच कमी होतं. पण हे पंख वाहत्या पाण्यावरच काम करतात. वेग निम्मा केला की त्यांचा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणजे नाळेचं आपटणं कमी करायला वेग उतरवावा, तर झुलणं वाढतं. खराब समुद्रात कप्तानाचा सगळा कस या ओढाताणीत लागतो, आणि बोटीचं पुढचं-मागचं टोक आळीपाळीनं वरखाली होणं तर स्टॅबिलायझर थांबवतच नाही. “आमच्या बोटीला स्टॅबिलायझर आहे, काही जाणवणार नाही” असं कुणी एजंट सांगत असेल तर त्यावर विसंबू नका.

काचेचं प्रकरण गंभीर आहे. एक घनमीटर समुद्राचं पाणी एक टनाहून जड असतं, आणि फुटत्या लाटेचा माथा ते आडवं फेकतो. ३ मार्च २०१० रोजी स्पेनजवळ भूमध्य समुद्रात ‘लुई मॅजेस्टी’च्या पाचव्या डेकवरच्या हॉलच्या काचा फुटल्या, दोन प्रवासी गेले. लाटा सुमारे आठ मीटरच्या, म्हणजे राक्षसी म्हणाव्या अशाही नव्हत्या. पण दोन वेगवेगळ्या दिशांच्या लाटा तिथं एकमेकींवर चढत होत्या. २९ नोव्हेंबर २०२२ला दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी ‘व्हायकिंग पोलारिस’च्या खालच्या डेकवरच्या केबिनच्या काचा फुटून एका प्रवासी बाईंचा मृत्यू झाला. खालच्या डेकच्या गोल खिडक्यांना आतून लोखंडी झडप असते. क्रू ती लावायला आला तर “देखावा दिसत नाही” म्हणून वाद घालू नका. आणि वादळात समुद्राचे फोटो काढायला मोठ्या काचेला नाक लावून उभं राहणं हा निव्वळ अविचार आहे.

इंजिन थांबलं की वरचं सगळं कौशल्य निकामी होतं. चाल नाही म्हणजे सुकाणू नाही, स्टॅबिलायझर नाही, आणि बोट आपोआप लाटेला कुशी देते. २३ मार्च २०१९ला नॉर्वेच्या हुस्ताद्विका या उथळ, खडकाळ पट्ट्यात ‘व्हायकिंग स्काय’चं तेच झालं. बोटीवर १,३७३ माणसं. बोट चालायची ती जनरेटरच्या विजेवर. चारपैकी एका जनरेटरचा टर्बोचार्जर आधीच बिघडलेला. उरलेल्यांच्या वंगणाच्या टाक्यांत तेल ६८ ते ७५ टक्के असावं अशी उत्पादकाची शिफारस, प्रत्यक्षात होतं २८ ते ४० टक्के. बोट हेलकावायला लागल्यावर तेल बाजूला सरकलं, पंपाच्या तोंडाशी हवा आली, दाब पडला आणि सुरक्षायंत्रणेनं जनरेटर एकामागून एक बंद केले. नांगर टाकले, तेही घसरत गेले. खडक अगदी जवळ आले असताना इंजिन सुरू झालं. ४७९ प्रवाशांना हेलिकॉप्टरनं उचललं. यंत्रं २२.५ अंशांच्या हेलकाव्यापर्यंत चालली पाहिजेत असा नियम आहे, पण तो टाकीत तेल पुरेसं असेल हे धरून केलेला. इंजिनरूममध्ये लागलेल्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे: खराब समुद्रात शिरण्यापूर्वी प्रत्येक टाकीची पातळी स्वतः बघा, नोंदवहीतल्या कालच्या आकड्यावर सही करू नका.

उथळ पाण्याची गोष्ट गोव्याला नवी नाही. लाट तळाला टेकायला लागली की तिचा वेग पडतो, लांबी आखडते, उंची वाढते आणि ती फुटते. म्हणूनच पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी आग्वादचा वाळूचा पट्टा खनिज वाहणाऱ्या बार्जेससाठी (सपाट मालबोटींसाठी) बंद व्हायचा आणि खनिज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जायचं. ६ जून २००० रोजी ‘रिव्हर प्रिन्सेस’ ही खनिजवाहू बोट पावसाळी वादळात कांदोळीच्या किनाऱ्यावर चढली, ती तिथं बारा वर्षं कुजत पडली. खवळलेल्या हवेत मोठी बोट किनाऱ्यापासून लांब जाते ती याचसाठी. मुरगावच्या बाहेर आलेली क्रूझ आत न शिरता पुन्हा खोल समुद्रात गेली, तर ती सुरक्षित जागी गेली असं समजा.

मुंबई-गोवा फेरीबद्दल बोलायचं तर ऑक्टोबर ते मे हा आपला समुद्र बराचसा निवांत असतो. जानेवारी-फेब्रुवारीत अरबस्तानाकडच्या शामल वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा वायव्येकडून येतात आणि बोट थोडी हलते, इतकंच. पावसाळ्यात भर समुद्रात तीन-चार मीटरच्या लाटा नेहमीच्या, म्हणून तेव्हा ही फेरी बंदच असते. सांभाळायचे दिवस म्हणजे मेचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, चक्रीवादळांचे. ‘क्यार’ ऑक्टोबर २०१९चं, ‘तौक्ते’ मे २०२१चं. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सरकारी संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज सगळ्यांना खुला आहे, निघण्याच्या आदल्या दिवशी त्यात उंचीबरोबर लाटेचा कालावधी आणि दिशाही बघा.

केबिन घ्यायची तर बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या. तिथं हालचाल सर्वांत कमी. नाळेकडची स्वस्त मिळाली तरी रात्री आपटण्याचे आवाज येणार. लाकडी पॅनेलं करकरतात त्याला घाबरू नका, पोलादाची बोट थोडी वाकते म्हणूनच टिकते. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. उपाशी राहू नका, सुकं काहीतरी खा. न्हाणीघर, जिना आणि जड दरवाजे या तीन ठिकाणी सगळ्यात जास्त लागतं. दरवाजाची मूठ धरा, चौकटीवर बोटं ठेवू नका.

गॅलीत (बोटीच्या स्वयंपाकघरात) आणि हॉटेल विभागात लागलेल्यांनी सूचना येताच आधी तळणीचं तेल बंद करावं, भांडी निम्म्यापेक्षा जास्त भरू नयेत, शेगडीच्या कडांच्या पट्ट्या लावाव्यात. ट्रॉल्या नुसत्या ब्रेकवर न ठेवता दोरीनं बांधाव्यात. ताटांखाली ओला कपडा घातला की ती सरकत नाहीत. बाटल्या आणि काचसामान खालच्या खणात. हे तासभराचं काम आहे, आणि पहिला हेलकावा बसल्यावर ते नीट करता येत नाही.

घरी थांबलेल्यांसाठी एक. बरेच जण मोबाइलवर बोटीचा ठिपका बघत बसतात. ठिपका चार-पाच नॉट्सवर आला, किंवा बोट बंदराकडे पाठ करून निघालेली दिसली, तर कप्तान लाट नाळेवर घेऊन थांबलाय असा त्याचा अर्थ बहुधा असतो. ठिपका नाहीसाच झाला तर बोट किनाऱ्यावरच्या अँटेनाच्या टप्प्याबाहेर, साधारण पन्नास-साठ मैलांपलीकडे गेलेली असते. उपग्रहाची माहिती फुकटच्या अ‍ॅपवर सहसा मिळत नाही. हेलकाव्यात उपग्रहाचा सिग्नल तुटून फोनही लागेनासा होतो. अशा वेळी नोकरी लावून देणाऱ्या कंपनीच्या कचेरीला फोन करा. तिथला नंबर मुलगा निघतानाच लिहून घ्या, आणि त्याच्याबरोबर बोटीचा आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) नंबरही, कारण बोटीचं नाव बदलतं, तो सात आकडी नंबर बदलत नाही.