गोळ्यांवरची

दुपारी छोटीने मला आतल्या खोलीत ओढत नेलं आणि कानात विचारलं, "मावशी, पॅड आहे का गं?" १२ वर्षांची झाली. मी कपाट उघडेपर्यंत दारातून आई म्हणाली, "तिच्याकडे कुठलं असायला? तिची आपली गोळ्यांवरची."

पॅड होतं. दिलं. तेव्हापासून तो शब्द टोचतोय.

आई खोटं नाही बोलली. सतरावं सरलं तरी मला पाळी नव्हती, उंची कधीच थांबली होती. डॉक्टरांनी माझ्या थॅलेसेमियाच्या फाइलवरच मेंदूखालची वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी काढून दाखवली. या आजारात अंगात पुरेसं रक्त बनत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी रक्त चढतं, एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात येतं आणि ते बाहेर टाकायची वाट शरीराकडे नाही. यकृतात, हृदयात साठतं तसं त्या ग्रंथीतही साठलं. तिचा निरोप येईना, म्हणून अंडाशय गप्प. अंडाशयात बनायला हवं त्या इस्ट्रोजेन संप्रेरकाच्या नुसत्या गोळ्या वर्षभर घेतल्या, हाडांसाठीही त्या हव्याच होत्या. मग प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाच्या गोळ्या. त्या थांबल्या आणि चार दिवसांत पाळी आली. त्या दिवशी आईनेच देवापुढे साखर ठेवली होती. मग आज असं का म्हणाली?

लहानपणी रात्री पोटाला लोह काढणाऱ्या औषधाच्या पंपाची सुई लावताना मी किती रडायचे, किती चुकवायचे. जाऊ दे. ते आज नको.

गोळ्यांवरची म्हणजे खरी नाही, असंच ना? पोट तर माझंही दुखतं. दहावीत पाळीचा पत्ता नसताना मी दप्तरात एक पॅड ठेवायचे. कुणी मागितलं तर आपल्याकडे असावं म्हणून. दहावीत कुणी मागितलंच नाही. आज छोटीने मागितलं.

रात्री गोळ्यांचा डबा भरत बसले. सकाळची उपाशीपोटी थायरॉइडची, लोह काढणारी, कॅल्शियम, ही पाळीची. आणि वाटलं, रक्त तरी माझं कुठे आहे? कुणाकुणाचं, नावंही माहीत नाहीत. पण ते चढलं की आई माझ्या गालावरून हात फिरवते. "आता कशी माझी पोर दिसतेय," म्हणते. त्या रक्ताला ती कधी पिशवीतलं म्हणाली नाही.

उद्या तिला हे सांगेन. भांडणार नाही, नुसतं सांगेन.

निघताना छोटीने दप्तरात ठेवायला आणखी दोन मागितली. सगळं पाकीटच देऊन टाकलं. माझी तारीख १४ आहे, त्याआधी नवीन आणायला हवं.