पीडीपी-११ साठी लॅमिंग्टन रोडवरचा एक शनिवार

घरी पीडीपी-११/२३ हा जुना मिनीकॉम्प्युटर आहे, डिजिटल कंपनीचं १९७९ सालचं मॉडेल. बंद पडलेल्या एका प्रयोगशाळेच्या माळ्यावर त्याने कितीतरी पावसाळे काढले. ते मला चालू झालेलं पाहायचं आहे, म्हणूनच तीन महिने त्याला वीज लावली नव्हती. आधी पॉवर सप्लाय, म्हणजे त्यातले जुने कंडेन्सर (वीज साठवणारे सुटे भाग) बदलणं.

डोंबिवलीहून निघालो, दादरला उतरून वेस्टर्नची स्लो धरली. ग्रँट रोड पूर्वेला उतरून चालत गेलं की डॉ. भडकमकर मार्ग, तोंडात मात्र सगळ्यांच्या लॅमिंग्टन रोडच, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा बाजार. रविवारी बहुतेक दुकानं बंद, आणि सकाळी अकराच्या आधी पोचून उपयोग नाही.

जुना कंडेन्सर काढून सोबत न्याच. मायक्रोफॅरड आणि व्होल्ट जुळले म्हणजे झालं, असं नाही. नवा माल अंगाने लहान असतो, पाय बोर्डाच्या भोकांपर्यंत पोचत नाहीत. पहिल्या दुकानात ८५ अंशांपर्यंतची उष्णता सोसणारा पुढे केला, “एकच आहे” म्हणाले. एकच नाही. सप्लायच्या पेटीत गरम होतं, आणि साधारण दर १० अंशांमागे कंडेन्सरचं आयुष्य निम्मं होतं. तिसऱ्या दुकानात १०५ चा मिळाला. तिथल्या पोराने न सांगता मीटरवर ईएसआर (कंडेन्सरचा आतला रोध) मोजून दाखवला. “दादा, जुना आणलात ते बरं केलंत,” म्हणाला.

मेन्स फिल्टरवरचा (घरची वीज आत येते तिथला) पिवळसर, कागदी कंडेन्सर तपासत बसू नका, बदलाच. त्याच्या आवरणाला बारीक तडे जातात, आपल्या दमट हवेत कागद ओल धरतो, आणि वीज लावली की खोलीभर धूर.

तिथून टॅक्सीने चोर बाजारात जुना टर्मिनल (मशीनला जोडायचा पडदा आणि कीबोर्ड) शोधायला गेलो. नाही मिळाला. शुक्रवारी जाऊ नका, तिथली दुकानं बंद असतात.

रविवारी घरी सप्लाय बॅकप्लेनपासून (कार्डं खोचायच्या बोर्डापासून) सोडवूनच तपासला. मागचा सिलेक्टर २३० वर आहे ना, हे दोनदा पाहिलं; ११५ वर राहिला तर व्होल्टेज दुप्पट करणाऱ्या डबलरमुळे आत ६५० व्होल्टच्या आसपास तयार होतात. ५ व्होल्टच्या लाइनला १ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवून लावला, म्हणजे ५ अँपिअरचा भार. मीटरवर ५.०८. मशीनमधल्या टीटीएल जातीच्या चिपांना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात, तेव्हा जीव भांड्यात पडला. बंद केल्यावरही मोठे कंडेन्सर भरलेले असतात. रेझिस्टर लावून रिकामे केल्याशिवाय हात घालू नका.

मग कार्डांचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून ती बसवली. मध्ये स्लॉट रिकामा सोडला तर इंटरप्टची साखळी (कार्डांनी प्रोसेसरचं लक्ष वेधायची वाट) तिथेच तुटते. टर्मिनलच्या जागी लॅपटॉप, त्याला सिरियल केबल, वेग ९६०० बॉड. रात्री पावणेअकराला पडद्यावर @ आलं, म्हणजे मशीन आज्ञेची वाट पाहत होतं. मी १०००/ (मेमरीतल्या १००० या पत्त्यावर काय आहे ते दाखव) टाइप केलं आणि मशीनने सहा ऑक्टल आकडे परत दिले. आईला उठवून दाखवलं.

आरएल०२ या डिस्क ड्राइव्हचा हवेचा फिल्टर अजून पाहायचा आहे. तोवर डिस्क फिरवणार नाही.