मॉन्ट्रियलच्या भिंतीवरचा कोहेन

मॉन्ट्रियलला गेलात तर आधी माउंट रॉयलवर चढा. तिथल्या कोंदियारोंक बेल्वेडेअर या सज्जाच्या कठड्यापाशी उभं राहिलं की अख्खं डाउनटाउन समोर येतं, मागे सेंट लॉरेन्स नदी. आणि उंच इमारतींच्या गर्दीत एक माणूस दिसतो. डोक्यावर फेडोरा हॅट, हात छातीवर. मॉन्ट्रियलचाच कवी-गायक लेनर्ड कोहेन! क्रिसेंट स्ट्रीटवरच्या एका इमारतीची वीसेक मजली भिंत या एकट्या चित्राने व्यापली आहे.

7 नोव्हेंबर 2016 रोजी कोहेन गेला आणि वर्षभरात हे भित्तिचित्र उभं राहिलं. चितारणारे दोघं: मॉन्ट्रियलचा जीन पेंडन आणि लॉस एंजेलिसचा एल मॅक. आधाराला घेतलेला फोटो कोहेनच्या मुलीने, लॉर्काने काढलेला. म्हणूनच असेल, पण चेहऱ्यावर प्रसिद्ध माणसाचा आव कुठेच नाही. लेकीसमोर बाप बसतो तसा बसलाय. कॅमेऱ्याच्या झूममधून गालाकडे पाहिलं तेव्हा कळलं, सुरकुत्या रेषांच्या आहेत. एकामागून एक वळत गेलेल्या बारीक रेषा, पाण्यावर तरंग उठावेत तशा. क्रिसेंट स्ट्रीटवर जाऊनही पाहिलं, पण तिथे बार आणि गर्दी, मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. हे चित्र डोंगरावरूनच बघावं.

जवळून बघायचं ते दुसरं, प्लॅटो भागात, सेंट डॉमिनिक रस्त्यावर. केविन लेडोने 2017 मध्येच काढलेलं, नऊ मजली. मला हे जास्त भावलं, कारण ते कोहेनच्या आळीतलं आहे. चालत थोड्याच अंतरावर पार्क दु पोर्तुगाल ही छोटीशी बाग आणि तिच्या कडेला त्याचं घर. तो गेला त्या आठवड्यात याच दारात लोकांनी फुलं आणि मेणबत्त्या ठेवल्या होत्या.

बागेतल्या बाकावर बसले आणि मला खेतवाडी आठवली. कॅलिफोर्नियातल्या झेन बौद्ध मठात पाच वर्षं काढून, भिक्षूची दीक्षा घेऊनही कोहेनचं मन स्थिरावलं नव्हतं. 1999 मध्ये तो मुंबईला आला, तो रमेश बाळसेकरांकडे. पेडर रोडलगतच्या त्यांच्या घरी सकाळी सत्संग चाले, तिथे इतरांसारखाच येऊन बसायचा. बाळसेकर बँक ऑफ इंडियाचे निवृत्त अधिकारी आणि निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. महाराज म्हणजे विड्यांचं दुकान चालवणारे, खेतवाडीतल्या माळ्यावर मराठीत अद्वैत सांगणारे. त्यांच्या बोलण्याचं इंग्रजी भाषांतर बाळसेकर करत. म्हणजे ज्या माणसासाठी मॉन्ट्रियलने दोन अजस्र भिंती रंगवल्या, त्याच्या उतारवयातल्या निवांतपणाचा एक धागा आपल्या गिरगावातल्या मराठी बोलीपर्यंत पोचतो. मला याचं फार अप्रूप वाटतं.

शेजारच्या आजोबांना हे सांगितलं. कोहेनला ते रस्त्यात येताजाता बघायचे, मुंबईचं मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि महाराजांचं नाव माझ्याकडून अक्षर अक्षर विचारून वर्तमानपत्राच्या कडेला लिहून घेतलं.